वाकलेल्या छपरांचे गणित



इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती सरळ रेषा. ओळंबा सोडून भिंत उभी करावयाची, पाणसळ धरून थर सारखा करावयाचा, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे की नाही ते पाहावयाचे. गवंड्याची ही तीन हत्यारे म्हणजे सरळपणाचे तीन पहारेकरीच होत. असे असताना गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगातल्या मोठमोठ्या शहरांतून अशा काही इमारती उभ्या राहिल्या आहेत की, त्यांच्यापुढे ओळंबा कोठे धरावा हेच गवंड्याला उमजू नये. भिंत कोठे संपली आणि छप्पर कोठे सुरू झाले ते कळत नाही. कोणाला त्यांत जहाजाची शिडे दिसतात, कोणाला समुद्राची लाट, कोणाला वाऱ्यावर उडालेले वस्त्र. वर्तमानपत्रे त्यांना 'भविष्यकाळातील वास्तू' म्हणून मोकळी होतात.

अशा इमारतीचे चित्र पाहून आपण बहुधा दोहोंपैकी एक उद्गार काढतो. एक म्हणजे 'वा!' आणि दुसरा म्हणजे 'काय हा पैशाचा चुराडा!' दोन्ही उद्गार प्रामाणिक आहेत, पण दोन्ही घाईचे आहेत. ह्या दोहोंच्या मधून एक तिसरी वाट जाते, ती चौकशीची. वाकलेले छप्पर दिसले की त्याला तीन प्रश्न विचारावेत. तुझे वजन जमिनीपर्यंत कसे उतरते? तुला बांधले कसे? आणि तुझी किंमत कोणी मोजली? ही तीन उत्तरे हाती आली की आपली 'वा' डोळस होते आणि आपली तक्रारही नेमकी होते.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्यासाठी कोठे लांब जावयास नको; घरातली एखादी साखळी पुरे. तिची दोन टोके दोन हातांत धरा आणि मध्ये तिला सैल सोडा. ती एक सुरेख बाक घेऊन लोंबते. हा बाक कोणी काढला? कोणीच नाही. साखळीच्या अंगी ताठपणा नाही, त्यामुळे तिला वाकण्याला विरोध करता येत नाही. तिला येते ते फक्त ओढ सोसणे. म्हणून आपल्या वजनाला जो आकार मानवेल तोच ती घेते. आता मनातल्या मनात ती साखळी त्याच आकारात गोठवा आणि उलटी करून जमिनीवर उभी करा. जेथे ओढ होती तेथे आता दाब आला. पण आकार तोच राहिला, आणि वाकवण्याचा ताण अजूनही कोठे नाही. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक ह्याने १६७५ साली ही गोष्ट ओळखली होती. दगड, वीट, काँक्रीट ही सारी मंडळी दाबाला दणकट आणि ओढीला दुबळी. त्यांना उलट्या साखळीचा आकार दिला की त्यांच्या वाट्याला केवळ त्यांच्या आवडीचे काम येते.

आपल्या घरांवरचा सपाट स्लॅब मात्र निराळा. तो मध्ये किंचित वाकतो. त्याचे वरचे अंग दाबले जाते आणि खालचे ओढले जाते. ती ओढ काँक्रीटला सोसवत नाही, म्हणून मधल्या भागात तळाशी लोखंडी सळ्या घालाव्या लागतात आणि स्लॅबला जाडीही द्यावी लागते. वहीचा एक कागद घ्या आणि एका कडेला धरून आडवा करा. तो मान टाकील. त्याच कागदाला बोटांनी किंचित पन्हळीसारखा बाक द्या. आता तो ताठ उभा राहील, वर एखादी पेन्सिलही पेलील. कागद तोच, जाडी तीच. फरक पडला तो आकाराने. जाडीचे काम आकाराने केले. अंड्याचे टरफल आणि कुंभाराचे मडके ह्याच न्यायाने तग धरतात.

ह्या न्यायाचा माग किती चिकाटीने काढला गेला, त्याची दोन उदाहरणे देतो. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ कोलोनिया ग्वेल येथे एका प्रार्थनामंदिराचा आराखडा करताना आंतोनी गौदी ह्या वास्तुशिल्पज्ञाने दोऱ्यांचे एक जाळे उलटे टांगले आणि त्याला शिशाच्या छऱ्यांच्या लहान लहान पिशव्या अडकवल्या. पिशवी म्हणजे त्या जागी येणारे वजन. दोऱ्या जो आकार घेत, तो उलटा केला की कमानींचा आकार तयार! प्रत्यक्ष बांधकाम १९०८ साली सुरू झाले आणि १९१४ साली थांबले. ते मंदिर अपुरेच राहिले, पण त्याचे तळघर आजही पाहता येते. दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडच्या हाइन्झ इस्लर ह्या अभियंत्याचे. तो थंडीच्या दिवसांत ओले कापड टांगून ठेवी. रात्रीत ते गोठून जाई आणि उलटे केले की छपराचा नमुना मिळे. डाइटिंगेन येथे हमरस्त्यालगतच्या पेट्रोल पंपावर त्याने १९६८ साली उभारलेली दोन त्रिकोणी कवचे सुमारे तीस मीटर अंतर ओलांडतात, आणि त्यांची जाडी आहे सुमारे ९ सेंटिमीटर.

अशा बाकाला मी 'कमावलेला बाक' म्हणेन. तो शोभेसाठी आलेला नाही. तो काम करतो, आणि शोभा त्याच्या मागून येते.

पण आकार सापडला म्हणजे इमारत उभी राहिली असे नाही. येथे दुसरा प्रश्न पुढे येतो: बांधावयाचे कसे? काँक्रीट ओले असताना त्याला धरून ठेवणारे लाकडी सेंट्रिंग आधी करावे लागते. सपाट छपराला सपाट फळ्या पुरतात. वाकलेल्या छपराला वाकलेल्या फळ्या आणावयाच्या कोठून?

ह्या अडचणीतून एका माणसाने मोठ्या हुशारीने वाट काढली. फेलिक्स कांदेला हा मूळचा माद्रिदचा. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, ती बाजू हरली, आणि १९३९ साली तो निर्वासित म्हणून मेक्सिकोत येऊन पोचला. त्याने एक विशिष्ट आकार हेरला. दोन काठ्या समोरासमोर धरा. एक आडवी ठेवा, दुसरी तिरपी करा. दोहोंवर सारख्या अंतराने खुणा करून समोरासमोरच्या खुणा दोऱ्यांनी जोडा. प्रत्येक दोरा अगदी सरळ आहे. पण सगळे दोरे मिळून जो पृष्ठभाग होतो, तो घोड्याच्या खोगिरासारखा वाकलेला आहे! म्हणजे सुतार सरळ फळ्याच लावणार आणि तयार होणार मात्र वाकलेले छप्पर. १९५१ साली मेक्सिको शहराच्या विद्यापीठात विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठी त्याने एक छोटी प्रयोगशाळा बांधली. ते किरण छपरातून आत यावयास हवे होते, म्हणून छप्पर शक्य तितके पातळ करण्याची अट होती. कांदेलाने ते माथ्यावर अवघे दीड सेंटिमीटर जाड केले. पुढे १९५८ साली सोचिमिल्को येथील कालव्यांच्या काठी त्याने एका उपाहारगृहावर आठ पाकळ्यांचे छप्पर घातले. चाळीसएक मीटर पसाऱ्याच्या त्या फुलाची जाडी आहे सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हाताची तीन बोटे शेजारी शेजारी धरली तर होईल तेवढी.

येथे कथा संपवली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु तिसरा प्रश्न राहतोच: किंमत कोणी मोजली? कांदेलाच्या छपरांना सिमेंट थोडे लागे, लोखंड थोडे लागे. पण हात फार लागत. शेकडो फळ्या ठोकणारे सुतार, पाट्या वाहून नेणारे मजूर, आणि काम झाल्यावर पुन्हा ते सगळे लाकूड उतरवणे. मेक्सिकोत मजुरी स्वस्त होती तोवर हे जमले. १९६० नंतरच्या दशकात तेथील मजुरी वाढत गेली आणि ही पातळ छपरे महाग पडू लागली. कामगाराला बरा रोज मिळू लागला ह्याचे वाईट कोण मानील? पण त्याबरोबर हेही कबूल केले पाहिजे की, त्या छपरांच्या स्वस्ताईचा एक मोठा हिस्सा मजुरांच्या कमी रोजातून आलेला होता.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात जाऊ. सिडनी शहराच्या बंदरावरील ऑपेरा हाउसचे चित्र पाहिले नाही असा मनुष्य विरळा. त्यासाठी जी जागतिक स्पर्धा झाली तीत २३३ आराखडे आले, आणि १९५७ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या योर्न उत्सोन ह्या ३८ वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा निवडला गेला. त्याची रेखाटने मनोहर होती. परंतु ती हाताने काढलेली शिडे होती; त्यांना अजून गणित नव्हते. सरकारला मात्र घाई. राजकारणाचा वारा फिरला तर सगळेच बारगळेल, ह्या धास्तीने मुख्यमंत्री जोसेफ केहिल ह्यांनी १९५९ साली पायाचे काम सुरू करविले. वर काय येणार हे ठरण्यापूर्वी खाली खांब उभे राहिले, आणि पुढे छपराचे वजन कळले तेव्हा त्यांतले काही खांब फोडून नव्याने बांधावे लागले. डोके ठरण्याआधी पागोटे बांधावयास घ्यावे, तशातली ही गत.

ओव्ह अरुप ह्यांच्या अभियंत्यांनी आणि उत्सोनने शिडांचे एकामागून एक आकार करून पाहिले. प्रत्येक आकारात निराळी अडचण निघे, कारण प्रत्येक तुकडा दुसऱ्याहून वेगळा आणि प्रत्येकाला वेगळा साचा हवा. अखेर १९६१ च्या सुमारास तोडगा सापडला. सगळी शिडे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यावयाची! सुमारे ७५ मीटर त्रिज्येचे एक प्रचंड मोसंबे आहे अशी कल्पना करा आणि त्याच्या सालीचे लहानमोठे तुकडे काढून उभे करा. साल एकाच फळाची, म्हणून बाक सगळीकडे सारखा. बाक सारखा म्हणून साचे थोडे. साचे थोडे म्हणून तुकडे जमिनीवर ओतून वर चढवता येतात. असे २,१९४ तुकडे ओतले गेले आणि त्यांवर दहा लाखांहून अधिक फरशा बसल्या.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिडनीची शिडे ही कांदेलाच्या छपरासारखी पातळ कवचे नव्हेत. ती जड बरगड्यांच्या कमानी आहेत. गोलाचा आकार वजनाला सोयीचा म्हणून नव्हे, बांधणीला सोयीचा म्हणून निवडला गेला. पहिल्या प्रश्नाला तेथे चोख उत्तर नाही. पण दुसऱ्याला आहे, आणि ते अलौकिक आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच ऐकावे. आरंभीचा अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा. प्रत्यक्ष खर्च आला १० कोटी २० लाख. १९६३ साली पुरी व्हावयाची इमारत १९७३ च्या ऑक्टोबरात खुली झाली. पैसा बहुतांशी लॉटरीच्या तिकिटांतून उभा केला गेला. उत्सोनचे नव्या सरकारशी पटेना. १९६६ साली तो काम सोडून मायदेशी गेला आणि पुरी झालेली आपली इमारत त्याने कधीच डोळ्यांनी पाहिली नाही. २००३ साली त्याला वास्तुकलेतील श्रेष्ठ समजले जाणारे प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले, २००७ साली इमारतीची गणना जागतिक वारशात झाली, आणि २००८ साली तो वारला. आज सिडनीकरांना ती इमारत पाडून पैसे परत हवेत काय असे विचारले, तर कोणी हो म्हणणार नाही. तरीही इमारत सुंदर ठरली म्हणून हिशेब पुसला जात नाही, आणि हिशेब चुकला म्हणून इमारतीचे सौंदर्यही उणे होत नाही. दोन्ही खाती वेगवेगळी लिहावी लागतात.

सिडनीत साऱ्या अडचणीचे मूळ होते 'प्रत्येक तुकडा वेगळा' हे. पुढे संगणक आला आणि ही अडचणच नाहीशी झाल्यासारखी वाटू लागली. स्पेनमधील बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली खुले झाले. त्याचा शिल्पकार फ्रँक गेरी ह्याने कागदाची व लाकडाची प्रतिकृती करून तिचे माप संगणकाला दिले. त्यासाठी जी आज्ञावली वापरली ती मुळात फ्रान्समध्ये विमाने रेखाटण्यासाठी तयार झालेली होती. संगणक प्रत्येक तुकड्याचे माप वेगळे सांगतो आणि यंत्र ते वेगळे कापते. माणसाला हजार साचे करावे लागत नाहीत. परंतु ह्या इमारतीचा बाक साखळीचा नाही. आत पोलादाचा सांगाडा आहे आणि त्यावर टायटॅनियम धातूचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रे जडवले आहेत. ओझे वाहतो तो सांगाडा. बाक मिरवतात ते पत्रे. ह्याला मी 'पांघरलेला बाक' म्हणतो.

पांघरलेल्या बाकाची सर्वांत प्रसिद्ध कलावती म्हणजे झाहा हदीद. तिचा जन्म १९५० साली बगदादला झाला. बैरुतमध्ये तिने गणिताचा अभ्यास केला आणि मग लंडनमध्ये वास्तुकला शिकली. कित्येक वर्षे तिचे आराखडे कागदावरच राहिले. लोक म्हणत, चित्रे छान आहेत, पण बांधणार कोण? २००४ साली प्रिट्झ्कर पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. अझरबैजानच्या बाकू शहरात २०१२ साली खुले झालेले तिचे हैदर अलियेव केंद्र पाहावे. समोरच्या चौकातली जमीनच जणू उचलली जाते, वळते, भिंत होते, छप्पर होते आणि पुन्हा जमिनीला मिळते. आत मधेमधे खांब नाहीत. हे साधले कसे? लहान लहान पोलादी नळ्या गोळ्यांना जोडून त्रिकोणांचे एक दाट जाळे केले आहे, त्याला काँक्रीटची जोड दिली आहे, आणि बाहेरून काचतंतूंनी बळकट केलेल्या पांढऱ्या फळ्यांचे वस्त्र नेसवले आहे. २०१४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिला वर्षातील सर्वोत्तम रचना ठरवले. त्याच वेळी मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था सांगत होत्या की, त्या वर्षांत बाकू शहर देखणे करण्याच्या भरात सरकारने अनेक कुटुंबांना घरांतून बाहेर काढले आहे. छपराचा बाक निर्दोष असला तरी असा तिसरा प्रश्न तेथे विचारावाच लागतो.

तो प्रश्न नागरिकांनी वेळेवर विचारला तर काय होते, ह्याचे उदाहरण जपानात घडले. टोकियोच्या नव्या राष्ट्रीय क्रीडांगणासाठी २०१२ साली हदीदचा आराखडा निवडला गेला. छपराला प्रत्येकी सुमारे ३७० मीटर लांबीच्या दोन अजस्र कमानी होत्या. एवढे धूड मेजी मंदिराच्या बाहेरील उपवनात शोभेल का, असा प्रश्न फुमिहिको माकी ह्यांच्यासारख्या बुजुर्ग जपानी वास्तुशिल्पज्ञांनी काढला. लोकांत चर्चा पेटली. १३० अब्ज येनचा अंदाज २५२ अब्जांवर गेला. हदीदच्या कार्यालयाचे म्हणणे असे की, दोष आकाराचा नाही. बांधकामाचे दर चढले आहेत आणि ठेकेदार चढाओढीविना नेमले आहेत. त्या म्हणण्यातही तथ्य असू शकेल. परंतु २०१५ च्या जुलैत सरकारने तो आराखडा रद्द केला. पुढे केंगो कुमा ह्याच्या आराखड्यानुसार २०१९ साली क्रीडांगण उभे राहिले, सुमारे १५७ अब्ज येनमध्ये. टोकियोकरांनी एक अपूर्व छप्पर गमावले असे कोणी म्हणेल, एक कर्ज टाळले असे दुसरा म्हणेल. पण वाद झाला तो पायाभरणीच्या आधी झाला, सिडनीसारखा नंतर नव्हे. मला त्याचे मोल अधिक वाटते.

मग वाकलेले छप्पर हे केवळ श्रीमंतांचे काम समजावे काय? तसे नाही, आणि ह्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बाळकृष्ण दोशी हे पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले वास्तुशिल्पज्ञ; २०१८ साली प्रिट्झ्कर मिळवणारे ते पहिले भारतीय. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन ह्यांच्यासाठी त्यांनी अहमदाबादेत एक चित्रदालन बांधले. ते 'गुफा' ह्या नावाने ओळखले जाते. ते अर्धेअधिक जमिनीखाली आहे. वर दिसतात ती एकमेकांत मिसळलेली घुमटांची पाठ, कासवांच्या ढालींसारखी. आत खांब झाडांच्या बुंध्यांसारखे वाकडेतिकडे. ह्या आकारांत ताण कोठे किती पडेल ते संगणकाने तपासले. बांधले मात्र साध्या हत्यारांनी, आदिवासी मजुरांच्या हातांनी: तारेची जाळी वाकवावयाची आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापावयाचा. कवच अवघे इंचभर जाड. फळ्यांच्या भारी सेंट्रिंगची गरज पडली नाही, कारण जाळी स्वतःच साचा झाली. वर फुटक्या फरशांचे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवले. १९९५ साली तयार झालेली ही वास्तू आकाराने कोणत्याही परदेशी इमारतीइतकीच अद्भुत आहे. पण येथे बाक कमावलेला आहे.

श्रोतेहो, पांघरलेला बाक वाईट आणि कमावलेला तेवढा चांगला, असा निवाडा मी देत नाही. आपण अंगावर नेसतो ते वस्त्रही ओझे वाहण्यासाठी नसतेच. माझे म्हणणे इतकेच की, कोणता बाक कोणता ते आपल्याला ओळखता यावे, कारण दोहोंचा हिशेब निराळा असतो. उद्या आपल्याही गावात नाट्यगृह किंवा सभागृह बांधावयाची गोष्ट निघेल, आणि कोणी तरी रंगीत चित्रात एक लाटेसारखे छप्पर आपल्यापुढे धरील. तेव्हा डोळे दिपू देऊ नका आणि नाकही मुरडू नका. वजन कसे उतरते, बांधणार कसे आणि पैसे कोणाचे, हे तीन प्रश्न शांतपणे विचारा, आणि उत्तरे मिळेपर्यंत पायाचा दगड बसवू देऊ नका.